ग्रामोफोनच्या मोटरवर चालणारा टेपरेकॉर्डर: भंगारात टाकण्यापूर्वी थोडे थांबा

लाखांदूर, वडसा, पवनी, साकोली या धानाच्या पट्ट्यात भंगार, रेडिओ दुरुस्ती आणि लाऊडस्पीकर-बिछायतीचा धंदा करणाऱ्या बांधवांना एक गोष्ट सवयीची आहे. जुन्या घराची वाटणी होते, माडीवरचा पसारा खाली येतो आणि त्यातला बराचसा माल अखेर त्यांच्याच तराजूत पडतो. तांबे वेगळे, पितळ वेगळे, ॲल्युमिनियम वेगळे, आणि ज्याचे काय करावे ते कळत नाही ते लोखंडात. जी वस्तू ओळखता येत नाही तिला लोखंडाचा भाव मिळतो. या धंद्यातला हा मोठा तोटा आहे, आणि तो वहीत कधीच दिसत नाही.

अशाच एका यंत्राची ओळख आज करून द्यायची आहे. ग्रामोफोनच्या मोटरवर चालणारा घरगुती टेपरेकॉर्डर. तो लाखांदूरच्या बाजारात निघेलच असे आम्ही म्हणत नाही. पण त्याच्या गोतावळ्यातला माल, म्हणजे जुने रेकॉर्ड प्लेअर, स्पूलचे टेपरेकॉर्डर, व्हॉल्वचे ॲम्प्लिफायर आणि टेपची भेंडोळी, आजही निघतो. या एका यंत्राची रचना ज्याला समजली त्याला बाकीच्या मालाची पारख करणे अवघड नाही.

या यंत्राचे नाव ग्रामडेक. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते इंग्लंडमध्ये विक्रीस आले. लंडनची अँड्र्यू मेरीफील्ड ही कंपनी ते विकत असे. घरातला ग्रामोफोन काही क्षणांत टेपरेकॉर्डर होईल आणि पुन्हा तितक्याच लवकर ग्रामोफोन होईल, अशी त्याची जाहिरात असे. त्याला स्वतःची मोटर नव्हती आणि स्वतःचा स्पीकरही नव्हता. रेकॉर्ड ठेवतात त्या फिरत्या थाळीवर ते बसवायचे. थाळी फिरू लागली की तिच्या जोरावर दोन्ही स्पुले फिरत आणि टेप हेडसमोरून सरकत असे. हेडमधून निघणारा आवाज फार क्षीण असतो. तो एका लहान पेटीत थोडा वाढवून घ्यायचा आणि मग घरातल्याच रेडिओच्या किंवा ग्रामोफोनच्या ॲम्प्लिफायरला द्यायचा. थोडक्यात, मोटर तुमची, ॲम्प्लिफायर तुमचा, स्पीकर तुमचा. कंपनी विकत होती ती फक्त मधली जोडणी.

व्यापाराच्या दृष्टीने ही कल्पना अत्यंत हुशारीची होती, हे कबूल केले पाहिजे. टेपरेकॉर्डरमध्ये खर्चाच्या बाबी कोणत्या? मोटर, ट्रान्सफॉर्मर, ॲम्प्लिफायर, स्पीकर आणि लाकडी पेटी. यातल्या बहुतेक वस्तू ग्रामोफोन असलेल्या घरात आधीपासून होत्याच. मग गिऱ्हाइकाने त्या दुसऱ्यांदा का विकत घ्याव्यात? त्या वेळी पूर्ण टेपरेकॉर्डर ही तिकडेही साध्या नोकरदाराच्या आवाक्याबाहेरची चीज होती, आणि हे जोडयंत्र त्याच्या कितीतरी कमी किमतीत मिळत असे.

आपल्याकडे तर टेपरेकॉर्डर दुर्मीळच होता. आयातीवर कडक निर्बंध होते, परकीय चलन मिळत नव्हते. ग्रुंडिग किंवा फिलिप्सचा स्पूलवाला टेपरेकॉर्डर घरात असणे हे श्रीमंतीचे किंवा परदेशी नातेवाइकाचे लक्षण मानले जाई. एकाच्या घरी यंत्र असले तर लग्न, मिलाद, कव्वाली, नाटक, सगळ्यांची ध्वनिमुद्रणे त्याच एका यंत्रावर होत. या गोष्टीचा संबंध आपल्या आजच्या धंद्याशी आहे. तो पुढे येईल.

घेराचा हिशेब

आता थोडे यांत्रिक अंग पाहू. खराद मशीनवर काम करणाऱ्या कारागिरांना यात गोडी वाटेल.

जुनी रेकॉर्ड मिनिटाला ७८ फेरे घेते. घरगुती टेपची चांगली गती सेकंदाला साडेसात इंच. म्हणजे मिनिटाला ४५० इंच टेप पुढे गेली पाहिजे. टेप ओढणारा रूळ, ज्याला मिस्त्री लोक कॅपस्टन म्हणतात, तो थाळीबरोबर थेट फिरत असेल तर ४५० ला ७८ ने भागा. घेर आला पावणेसहा इंचांहून किंचित जास्त, आणि व्यास साधारण १.८४ इंच. एवढा जाड रूळ बनवणे सोपे असते. साध्या टेपरेकॉर्डरचा कॅपस्टन बोरूच्या काडीसारखा बारीक असतो, आणि तो केसभर वाकडा झाला तरी गाण्यात थरथर येते. जाड रुळावर तेवढीच चूक कमी जाणवते. शिवाय ग्रामोफोनची जड थाळी स्वतःच गतिचक्राचे काम करते. इंजिनाचे जड चाक जसे झटके गिळून टाकते तसेच.

पण तोच रूळ ४५ फेऱ्यांवर फिरवला तर टेपची गती येते सेकंदाला ४.३३ इंच, आणि ३३⅓ वर सुमारे ३.२ इंच. ठरलेल्या गतींमध्ये (१५, साडेसात, पावणेचार आणि १⅞ इंच) यातली एकही बसत नाही. म्हणून अशा यंत्रावर कोणी टेप वाचवण्यासाठी कमी फेऱ्यांवर मुद्रण केले असेल, तर ते दुसऱ्या कोणत्याही मशीनवर नीट वाजणार नाही. आवाज एकतर रडका येईल, नाहीतर चिरका. टेप मात्र पूर्णपणे चांगली असते.

सत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या या फेऱ्यांचे प्रकरण आपल्या भागाला तितकेसे परके नाही. या रेकॉर्डी बनत त्या लाखेपासून. पळस, कुसुम, बोर या झाडांवरचा किडा जी लाख तयार करतो तीच दळलेल्या दगडाच्या भुकटीत आणि काजळीत मिसळून तबकडी दाबली जाई. जगाला लाख पुरवणारा मुख्य देश आपला. गोंदिया वेगळा होण्यापूर्वीच्या, म्हणजे १ मे १९९९ पूर्वीच्या, मोठ्या भंडारा जिल्ह्यातल्या जंगलांतही पळसावरची लाख गोळा केली जाई. लाखेच्या बांगड्यांचा धंदा करणाऱ्या बांधवांना ती ताप सहन करत नाही आणि पडली की फुटते हे सांगायला नको, रेकॉर्डचेही तेच. परदेशात प्लॅस्टिकच्या रेकॉर्डी आल्यावर लाखेची तबकडी लवकर बंद पडली. भारतात मात्र ती १९६० च्या दशकातही निघत राहिली, कारण चावीचे ग्रामोफोन गावोगावी होते. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातून बीटल्स या इंग्रजी गायक मंडळींच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्याही निघाल्या. इतर देशांत ती गाणी प्लॅस्टिकवर निघत होती, म्हणून आज जगभरचे शौकीन भारतातल्या या तबकड्या शोधत फिरतात. पार्लोफोनचा शिक्का असलेली इंग्रजी गाण्याची जड तबकडी हाती आली, तर ती फोडून फेकू नका.

खोड कोठे होती?

एवढी हुशारीची वस्तू मग टिकली का नाही?

उत्तर मजेशीर आहे. टेपरेकॉर्डर घेणाऱ्याला सर्वांत आधी काय करावेसे वाटते? शेजाऱ्याकडून किंवा मित्राकडून चांगली रेकॉर्ड आणावी आणि ती टेपवर उतरवून घ्यावी. पण या यंत्राला थाळी लागते, आणि रेकॉर्डलाही थाळीच लागते. टेप चालू असताना थाळी अडलेली. म्हणजे ज्या घरात एकच ग्रामोफोन आहे त्या घरात ग्रामोफोनवरची रेकॉर्ड ग्रामोफोनच्या टेपवर उतरत नाही! रेडिओवरचे उतरते, मायक्रोफोनसमोर बसून गायिलेले उतरते, पण समोर पडलेली तबकडी नाही. त्यासाठी दुसरा ग्रामोफोन आणा. दुसरा ग्रामोफोन आणण्याइतके पैसे असतील तर गिऱ्हाईक सरळ टेपरेकॉर्डरच घेईल.

आपल्याकडे एकाच डिझेल इंजिनावर पाण्याचा पंप आणि भरडाईची गिरणी आलटून पालटून चालवणारे शेतकरी होते. इंजिन एकच, पट्टा बदलला की काम बदलले. तो संसार चालतो, कारण रोवणीला पाणी लागते तेव्हा भरडायला धान नसते आणि धान घरात येते तेव्हा पंपाची घाई नसते. दोन कामांचे हंगाम वेगळे आहेत. ग्रामडेकमध्ये दोन कामांचा हंगाम एकच होता. जोडधंद्याचा किंवा जोडयंत्राचा विचार करणाऱ्या कोणत्याही दुकानदाराने हा फरक पाहून घ्यावा असे आम्हाला वाटते. शिलाई मशीनला जोडायचे नवीन साधन असो की मोटरसायकलच्या चाकावर चालणारा पंप, मूळ यंत्र नेमके त्याच वेळी दुसऱ्या कामाला लागणार आहे का, हा प्रश्न आधी.

दुसरी खोड मोटरची. रेकॉर्ड प्लेअरची मोटर पिनचे घर्षण सोसण्यापुरतीच असते. तिच्यावर दोन स्पुले, रबरी रोलर आणि टेपचा ताण टाकला की हलकी मोटर दमते. भरलेले स्पूल आणि रिकामे स्पूल यांचा ताण सारखा नसतो, त्यामुळे सुरुवातीची गती आणि शेवटची गती यांत फरक पडू शकतो. जड थाळीच्या, चांगल्या मोटरच्या ग्रामोफोनवर हा त्रास कमी. पण असा ग्रामोफोन ज्याच्याकडे आहे तो पैसे वाचवण्यासाठी जोडयंत्र कशाला घेईल?

शेवटचा घाव १९६३ साली बसला. त्या वर्षी फिलिप्सने बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट आणली. आधी ती केवळ बोलणे टिपून ठेवण्याच्या लायकीची समजली जाई. टेपची रुंदी जेमतेम पावणेचार मिलिमीटर, गती १⅞ इंच. पण तिला हात लावावा लागत नव्हता, ओवावी लागत नव्हती, लहान मूलसुद्धा ती घालून बटण दाबू शकत होते. १९७० च्या दशकात कोकणातले आणि मुंबईतले आपले लोक आखातातून परतताना रेडिओ-कॅसेटचे टू-इन-वन घेऊन येऊ लागले, आणि १९८० च्या दशकात कॅसेटचा धंदा गल्लीबोळांत पसरला. स्पूल माडीवर गेले ते तिथेच राहिले.

हातात माल आला तर

आता मुद्द्याचे. स्पूलचा टेपरेकॉर्डर किंवा जुना रेकॉर्ड प्लेअर भंगारात आला, तर आधी त्याची तार प्लगमध्ये घालू नका. चालते का बघू, या एका वाक्याने पुष्कळ चांगली यंत्रे जळाली आहेत. व्हॉल्वच्या मशीनमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्टचा दाब खेळतो, आणि वीस-तीस वर्षे बंद असलेले कंडेन्सर एकदम पूर्ण दाब मिळाला की फुटतात. प्लग काढल्यावरही त्यांत काही काळ करंट राहतो. जाणत्या मिस्त्रीकडूनच ते तपासून घ्यावे.

मागच्या पट्टीवर व्होल्टेज आणि सायकल वाचा. ११० व्होल्ट, ६० सायकल लिहिले असेल तर माल अमेरिकेचा. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळवता येते, पण आपली वीज ५० सायकलची असल्यामुळे साधी मोटर सहावा हिस्सा हळू फिरते; ७८ फेऱ्यांच्या जागी ६५ होतात. गिऱ्हाईक म्हणेल मशीन बिघडली. ती बिघडलेली नसते. अशा मशीनला मोटरच्या आसावरची पुली मोठी करून घ्यावी लागते, आणि हे काम खराद चालवणारा कोणताही चांगला कारागीर करू शकतो.

रबर मात्र बहुतेक वेळा गेलेले असते. बेल्टचे डांबर झालेले असते, आयडलर चाक दगडासारखे कडक. यामुळे मशीन निकामी ठरवू नये. हेड पाहावे. त्यावर तपकिरी मळ असेल तर स्पिरिटने कापसाच्या बोळ्याने निघतो. बोटाच्या नखाला खड्डा लागत असेल तर हेड झिजले. लोहचुंबक लागलेला स्क्रू ड्रायव्हर हेडजवळ नेऊ नका, हेडमध्ये चुंबकत्व राहते आणि ते पुढे प्रत्येक टेपवर खरखर उमटवते. मोटर, हेड, ट्रान्सफॉर्मर आणि रिकामी स्पुले यांना सुटे गिऱ्हाईकही असते, म्हणून एका भागासाठी सगळे मशीन तोडू नये.

मुंबईच्या चोरबाजारातील मटण स्ट्रीटवर जुन्या ग्रामोफोनचा व्यापार आपल्या बांधवांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिथे मालाची पारख असलेले जाणते दुकानदार आहेत. पण याच व्यापाराला एक डागही लागला आहे. नवी लाकडी पेटी, नवा पितळी भोंगा, आत एखाद्या मोडक्या पेटी-ग्रामोफोनची मोटर आणि वर कुत्र्याच्या चित्राचा पत्रा, असा जोडून केलेला माल शंभर वर्षांचा म्हणून परदेशी पाहुण्याला विकला जातो. त्यामुळे भारतातून आलेला भोंग्याचा ग्रामोफोन म्हटले की बाहेरचा जाणता शौकीन हात आखडता घेतो. शोभेची नवी वस्तू नवी म्हणून विकण्यात काहीच गैर नाही. तीही मेहनतीचीच आहे. जुनी म्हणून विकणाऱ्याने मात्र आपल्या शेजारच्या खऱ्या दुकानदाराचा भाव पाडला.

खरी किंमत भेंडोळ्यांत

मशीनपेक्षा महाग वस्तू बहुधा तिच्याबरोबरच्या खोक्यात असते, आणि तीच आपण उकिरड्यावर टाकतो. ती म्हणजे मुद्रित टेप.

लाखांदूरहून पुढे गेले की वडसा, झाडीपट्टी रंगभूमीचे मोठे ठाणे. दिवाळीनंतर गावोगावी नाटके, दंडार, खडी गंमत. याच रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. ही कला तोंडातोंडी चालत आली. मोठ्या कंपन्यांच्या रेकॉर्डी शहरी गायकांच्या निघत. खेड्यातल्या शाहिराचा, कव्वालाचा, मिलाद पढणाऱ्या बुजुर्गांचा आवाज कुठे उरला असेल तर तो अशाच एखाद्या घरगुती टेपवर. तो आवाज एकदा कचऱ्यात गेला की दुसरी प्रत नाही. म्हणून माल उचलताना घरमालकाला एक शब्द विचारावा: टेपवर काय आहे, माहीत आहे का?

सात इंची स्पुलावर साधारण १२०० फूट टेप असते. साडेसात इंचांच्या गतीने ती एका बाजूला ३२ मिनिटे चालते, पावणेचारच्या गतीने ६४. लाखेच्या दहा इंची तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटेच मावत, हे लक्षात घेतले म्हणजे घरगुती टेपचे महत्त्व कळेल. कापलेली, घाई केलेली नव्हे, तर पूर्ण कव्वाली तिच्यावर असू शकते.

टेप कोणत्या जातीची हे ओळखण्याची साधी रीत आहे. भेंडोळे उजेडासमोर आडवे धरा. कडेतून उजेड आरपार दिसला तर ती ॲसिटेटची जुनी टेप. ताणली की पटकन तुटते, पण सरळ तुटत असल्याने जोडता येते. उजेड दिसत नसेल तर पॉलिस्टर. ती तुटत नाही, लांब होते, आणि लांब झालेली टेप पुन्हा आखूड होत नाही. ॲसिटेटच्या भेंडोळ्याला शिरक्यासारखा आंबट वास येऊ लागला असेल तर ती सडू लागली आहे. ती इतरांपासून वेगळी ठेवा आणि आधी तिचेच मुद्रण काढून घ्या. कोणतीही टेप पत्र्याच्या छपराखाली, चुलीच्या भिंतीला लागून किंवा स्पीकरच्या चुंबकाशेजारी ठेवू नये.

वाजवताना मूळ आवाजाखाली कोणी उलटे बोलत असल्यासारखे ऐकू आले तर घाबरू नये आणि टेप खराब आहे असेही सांगू नये. टेपवर एका बाजूचे मुद्रण अर्ध्या किंवा पाव रुंदीत असते, आणि मशीनचे हेड जास्त रुंद असल्यामुळे दुसरी बाजूही ऐकू येते. बारीक पट्टीचे हेड असलेली मशीन मिळाली की काम झाले.

हे सारे जमणाऱ्या मिस्त्रीला स्पूल आणि कॅसेटवरून पेन ड्राइव्हवर आवाज उतरवून देण्याचे काम मिळू शकते. भांडवल थोडे: एक नीट केलेली मशीन, एक संगणक, आणि सबुरी. आपल्या कारागिरांना हुन्नर बदलणे नवीन नाही. मिरजेत हत्यारांना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोऱ्याकडे वळले, आणि त्यांच्या वंशजांच्या हातच्या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मोबाइलमुळे ज्या रेडिओ मिस्त्रींची दुकाने ओस पडली त्यांच्या बोटांत हे काम आधीपासूनच आहे.

दोन पथ्ये पाळावीत. घरच्या मुद्रणाची प्रत घरच्यांना देणे वेगळे, आणि कंपनीच्या गाण्यांच्या प्रती काढून विकणे वेगळे. दुसरा प्रकार १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा ठरतो, आणि कॅसेटच्या जमान्यात त्यापायी अनेकांवर छापे पडले आहेत. दुसरे असे की, गिऱ्हाइकाच्या टेपवर काय आहे ते इतरांना ऐकवू नये. त्यात एखाद्या मयत बापाचा आवाज असतो.

उतरवण्याआधी टेप एकदा हलक्या हाताने पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्यावी, म्हणजे चिकटलेले थर सुटतात. गती कोणती ते स्पुलावर लिहिलेले नसेल तर माणसाच्या बोलण्यावरून जुळवावी, गाण्यावरून नव्हे. गाण्याची पट्टी फसवते, ओळखीच्या माणसाचे बोलणे फसवत नाही. म्हणून उतरवताना शक्य असेल तर घरातील वडीलधाऱ्या माणसाला दुकानात शेजारी बसवावे आणि मूळ भेंडोळे काम झाल्यावर त्यांच्याच हाती परत द्यावे.